हजेरीपटातले नाव

प्रार्थना संपून मुले वर्गात आली की माझे पहिले काम हजेरी घेण्याचे. वीस-बावीस वर्षे मी ते करीत आलो आहे, आणि खरे सांगायचे तर त्याचा मला कंटाळाच आहे. नाव पुकारावे, 'हजर' असा आवाज ऐकावा, खूण करावी. आवाज आला नाही तर दुसरी खूण करावी. यात विचार करण्यासारखे काही असेल असे मला कधी वाटले नव्हते. तो विचार मला एका किड्याने करायला लावला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही घाटमाथ्यावरच्या एका आप्तांकडे गेलो होतो. घरामागेच ओढा होता. पाऊस सरून पाणी निवळलेले, तळाचा खडा न् खडा दिसत होता. माझ्या धाकट्या मुलीने पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला, तो त्याच्या पोटाला एक चपटा, तपकिरी किडा घट्ट चिकटून बसलेला. "बाबा, ह्याचं नाव काय?" तिने विचारले. कादंबऱ्यांतल्या माणसांना मी आजवर शेकड्यांनी नावे दिली आहेत. पण या समोरच्या जिवाचे नाव मला सांगता येईना. आम्ही दगड होता तसा ठेवला. त्या प्रश्नाने मात्र माझी पाठ सोडली नाही.

शाळेतल्या प्रयोगशाळेचे भिंग आणि काही पुस्तके घेऊन मी शोध करू लागलो. इंग्रजीत याला स्टोनफ्लाय म्हणतात. आपण दगडमाशी म्हणू. हिचे बालपण पाण्यात, दगडांच्या आडोशाला जाते. ते वर्षभराचे असते, काही जातींत दोन-तीन वर्षांचेही. मग ती पाण्याबाहेर येते, कात टाकते, पंख पसरते आणि काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत आपला संसार आटोपते. पुष्कळ जातींत नर आपले पोट फांदीवर किंवा दगडावर आपटून ताल धरतो आणि मादी तशाच तालाने उत्तर देते. प्रत्येक जातीचा ताल निराळा. साडेतीन हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत.

ओळखायची कशी? पिलाला दोन शेपट्या असतात. तिच्यासारखाच दिसणारा मेफ्लाय नावाचा दुसरा एक किडा आहे. त्याला बहुधा तीन असतात. पण शेपटी तुटते, आणि काही मेफ्लायांना दोनच असतात. म्हणून पायाचे टोक पाहावे. दगडमाशीच्या प्रत्येक पायाला दोन नख्या, मेफ्लायच्या पिलाला एकच. पुढच्या सुटीत त्याच ओढ्यावर मी भिंगातून दोन नख्या मोजल्या. पायांच्या मुळाशी कल्ल्यांचे बारीक झुबकेही दिसले. त्यावरून कुळ कळले. जात कळली नाही. जात ठरवायला बहुधा पूर्ण वाढलेला नर लागतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पोटाच्या टोकाची रचना पाहावी लागते. पिलावरून किंवा मादीवरून जाणकारालाही पुष्कळदा काही सांगता येत नाही. अशा वेळी प्रामाणिक माणूस चिठ्ठीवर कुळाचे नाव लिहितो, ठिकाण लिहितो, तारीख लिहितो आणि जातीची जागा कोरी सोडतो. मी मुलीला तेवढेच सांगितले. ती थोडी हिरमुसली. मला मात्र त्या कोऱ्या जागेचा आदर वाटला. परीक्षेत कोरी जागा सोडणाऱ्याला आपण शून्य गुण देतो, आणि अंदाजाने ठोकून दिलेले उत्तर चुकून बरोबर आले तर पैकीच्या पैकी!

पण एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय? याचे उत्तर मला दूरच्या एका देशात सापडले.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात ग्लेशियर नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९१० साली ते स्थापन झाले. तिथल्या हिमनद्यांखालून निघणाऱ्या बर्फगार झऱ्यांत एक चिमुकली दगडमाशी राहते, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची. १९७१ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्या भूमीवरूनच तिला झपाडा ग्लेशियर हे नाव मिळाले. १९६० ते १९७९ या काळात संशोधकांनी ती सहा झऱ्यांत नोंदली होती. कोणता झरा, कोणती तारीख, एवढेच. २०११ ते २०१३ या वर्षांत दुसरे संशोधक त्याच सहा झऱ्यांवर पुन्हा गेले. सहांपैकी एकाच झऱ्यात ती उरली होती. दोन नव्या जागी सापडली, त्या अधिक उंचावरच्या. हिच्या पिलांची जात नुसत्या डोळ्यांनी ठरत नसल्याने डीएनए तपासून खात्री करावी लागली. पुढे दक्षिणेकडच्या इतर पर्वतांतही ती आढळली; पण खालचे झरे सोडून ती वर सरकली ही गोष्ट काही बदलली नाही. थंड पाण्याच्या मागे चढत गेलेल्या जिवाला शिखराच्या वर जागा नाही. १९६६ साली त्या उद्यानात पस्तीस हिमनद्या मोजल्या होत्या. २०१५ साली हिमनदी म्हणण्याजोग्या सव्वीसच उरल्या. २०१९ च्या नोव्हेंबरात अमेरिकन सरकारने या माशीला आणि तिच्या एका भावकीतल्या माशीला कायद्याने संकटग्रस्त ठरविले.

मी थांबलो तो त्या सहा झऱ्यांपाशी. ज्यांनी पहिली नोंद केली त्यांना पुढचे काही ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त पट भरला होता. तो पट नसता, तर नंतर गेलेल्यांना पाच झऱ्यांत काहीच दिसले नसते, आणि काही दिसत नाही याचे दुःखही झाले नसते. कारण 'गैरहजर' हा शब्द ज्याचे नाव पटात आहे त्याच्यापुढेच लिहिता येतो. नाव नसलेला कधी गैरहजर नसतोच.

इथे कोणी म्हणेल, नोंदीने माशी वाचली का? नाही. कायद्यानेही बर्फ थांबत नाही. शिवाय नोंद करायला जीव घ्यावा लागतो. मद्यार्काच्या कुपीत बुडवल्यावाचून पुष्कळ जाती ओळखताच येत नाहीत. हे मला टोचते. कुपीतल्या चार जिवांवर उद्याच्या हजारोंची साक्ष अवलंबून असते, हा हिशेब मला पटतो. पण हिशेब पटला म्हणून टोचणी गेली नाही, आणि जाऊ नये असेच मला वाटते. जितके लागतील तितकेच घ्यावेत आणि घेतलेल्याची चिठ्ठी चोख लिहावी, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो. चिठ्ठीवाचूनची कुपी म्हणजे निव्वळ हत्या.

आता जे सांगायचे ते मी इतका वेळ टाळीत होतो.

आमच्या भागात दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, भांडीकुंडी, आणि त्यांवर बसलेली माझ्या वर्गातली मुले. सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा बाके मोकळी दिसतात. काही वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गातला एक मुलगा असाच गेला. महिने लोटले. दीर्घ गैरहजेरीमुळे वर्गाचे शेकडा प्रमाण घसरत होते, आणि वरून त्याबद्दल विचारणा होत होती. मी लाल शाईने त्याच्या नावावर रेघ मारली. 'नाव कमी केले' असे शेऱ्यात लिहिले. त्या महिन्यात माझ्या वर्गाची हजेरी वाढली! एकही मूल जास्त आले नव्हते.

वैशाखात तो परत आला. उंच झाला होता, हाताला कोयत्याचे घट्टे पडले होते. दारातच उभा राहून त्याने विचारले, "सर, माझं नाव हाय का पटावर?"

मी म्हणालो, "नाही. पण अर्ज भर, पुन्हा घेऊ."

"मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि गेला. मी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी घरी जाऊ असे मनाशी म्हटले, आणि गेलो नाही.

त्या दुपारी मी त्याला शाळेबाहेर काढले असे कोणी म्हणणार नाही. गरिबीने काढले, कारखान्याच्या हंगामाने काढले. ते खरेच आहे. पण त्याची जागा रिकामी आहे हे सांगणारा एकच कागद होता, आणि तो मी स्वतःच्या हाताने कोरा केला होता. हिमनदी मी वितळवली नसेल. झऱ्याची नोंद मात्र पुसली. नोंद ठेवणाऱ्याचे पाप असते ते एवढेच, आणि ते लहान नाही.

तेव्हापासून एक साधी वही मी ठेवतो. सुटी लागण्यापूर्वी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारतो: कोणाबरोबर चाललास, कोणत्या गावच्या कारखान्यावर, मुकादम कोण, फोन कोणाचा. सांगता आले नाही तर जागा कोरी ठेवतो, अंदाजाने भरीत नाही. हंगाम सरला की वही उघडून नावे पुकारतो, आणि ज्याचा आवाज येत नाही त्याच्या घरी जातो. सगळेच परत येतात असे नाही. गेल्या वर्षी दोघे आले नाहीत. वहीने त्यांना आणले नाही, आणि वही भरली म्हणजे कर्तव्य संपले असे वाटू लागण्याचा धोकाही मी जाणून आहे. पण ते दोघे गैरहजर आहेत हे मला ठाऊक आहे, आणि कोणी विचारले तर कोणत्या गावी शोधावे हे सांगता येते.

यंदाची पाने मी आखून ठेवली आहेत. धाकटी म्हणते, तिच्या किड्यालाही त्यात एक ओळ द्यावी. मी दिली आहे: ओढा, तारीख, दोन नख्या. नावाची जागा कोरी आहे.