दोन हजार मीटर खाली

सावकाश बसा. पाय जमिनीला टेकू द्या. लक्ष तळपायांकडे न्या आणि तिथून खाली सोडा. आज उतरायचं आहे ते उत्तर जर्मनीतल्या रेडेन गावाखाली, सुमारे दोन हजार मीटर. घाई नको.

डोळ्यांपुढे गुहा आली असेल तर ती पुसून टाका. इथे मोकळी जागा नाही, खडक आहे. त्याचा एक तुकडा मनातच हातात घ्या. घट्ट, जड, पण अंगभर बारीक छिद्रं, एकमेकांना जोडलेली. एकेकाळी इथे निसर्गाने वायू साठवला होता. माणसाने तो उपसला आणि रिकाम्या झालेल्या छिद्रांत पुन्हा वायू भरला. वर अभेद्य खडकाचा थर आहे. त्याने लाखो वर्षं वायू धरून ठेवला, त्याच भरवशावर हा सारा कारभार चालतो. उन्हाळ्यात कॉम्प्रेसर वायू खाली दाबतात, हिवाळ्यात तोच वर येतो.

आता श्वास सोडा. आणखी सोडा. सगळा सोडलात असं वाटलं, तरी फुफ्फुसात लिटरभर हवा उरतेच. ती कधीच बाहेर येत नाही. या खडकाचंही तसंच आहे. जुन्या वायुक्षेत्रांत साधारण निम्मा वायू कायमचा आतच ठेवावा लागतो. तो कोणाच्या चुलीत जळत नाही, पण त्याच्या दाबाशिवाय उरलेला वर येत नाही. हिशेबनीसाला हे अडकलेलं भांडवल वाटेल. वाटू द्या.

इथे थोडं थांबा. 2022 च्या वसंतात हे कोठार वापरायच्या वायूपुरतं जवळजवळ रिकामं होतं. तोवर त्याची फारशी कोणी विचारपूस केली नव्हती. मग किमान साठ्याचा कायदा झाला, मिळेल त्या भावाने वायू घेतला गेला, आणि नोव्हेंबरात देशभरातली कोठारं काठोकाठ भरली. धास्तीपोटी केलेली खरेदी महागच पडते.

जुलैतल्या दुपारचं ऊन आठवा, सौरपट्ट्यांवर पडलेलं, गरजेहून जास्त. आणि जानेवारीतला तो आठवडा, आभाळ राखाडी, वारा पडलेला, पवनचक्क्या उभ्या. बॅटरी काही तासांची सोय करते. जुलैचं जानेवारीपर्यंत नेणं तिच्या आवाक्यातलं नाही. उन्हाच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून जमिनीखाली ठेवायचा, असा आता विचार आहे. इंग्लंडच्या टीसाइडमध्ये मिठाच्या थरात कोरलेल्या पोकळ्यांत 1972 पासून हायड्रोजन साठवतात. मीठ त्याला छान सांभाळतं. सच्छिद्र खडकाचं मात्र तसं नाही: तिथले सूक्ष्मजीव हायड्रोजन खातात, त्यातून विषारी वायूही होऊ शकतो. ऑस्ट्रियात अशा खडकात हायड्रोजन साठवण्याचे प्रयोग झाले आहेत.

एक अस्वस्थ करणारी गोष्टही मनात येऊ द्या, ढकलू नका. कॅलिफोर्नियातलं अलिसो कॅन्यन, तेही जमिनीखालचं वायूचं कोठार. 23 ऑक्टोबर 2015 ला तिथल्या एका विहिरीतून गळती सापडली. विहीर 1953 मध्ये खोदलेली. जवळजवळ चार महिने मिथेन, म्हणजे मुख्यतः हाच वायू, हवेत जात राहिला, सुमारे एक लाख टन. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, वास मात्र येत होता. माणसांची डोकी दुखत होती, हजारो कुटुंबं घरं सोडून गेली. खडकाने दगा दिला नव्हता. गंजली होती ती विहिरीची लोखंडी नळी, आपणच खाली घातलेली.

आता हळूहळू वर या. येताना एवढं लक्षात असू द्या: तेवढीच ऊर्जा तेवढ्याच दाबाखाली साठवायला हायड्रोजनला मिथेनच्या सुमारे तिप्पट जागा लागते. म्हणजे वायूचा वापर घटला तरी जमिनीखालच्या जागेची गरज घटेलच असं नाही. तेव्हा कोठारं मोडीत काढण्याची घाई करू नये. आणि त्यांच्यात नवं काही भरण्याआधी प्रत्येक जुनी विहीर तपासावी, नळीनळी.