सुगंधाचा न्याय

हिवाळ्यांत लावावयाचें म्हणून कनोजास जें शमामा नांवाचें अत्तर काढतात, त्याची योग्यता ठरवावयाची कशी, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. तांब्याच्या देगांत लवंग, वेलदोडा, जायफळ, जटामांसी, नागरमोथा अशीं द्रव्यें पाण्यांत शिजवावयाचीं, त्यांची वाफ वेळूच्या नळीनें भपका नांवाच्या भांड्यांत न्यावयाची, आणि तेथें आधींच असलेल्या चंदनाच्या तेलानें तिचा गंध पिऊन घ्यावयाचा, असा त्याचा विधि. निघणारा वास उष्ण, तिखट व जुन्या लांकडासारखा गंभीर असतो. पण 'उष्ण' हा शब्द त्वचेचा, 'तिखट' हा जिभेचा. नाकाचा स्वतःचा असा शब्द त्यांत एकही नाहीं.

आमच्या नैयायिकांनीं ही अडचण जणूं हेरली होती. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत रूप सात प्रकारचें, रस सहा प्रकारचा. गंध मात्र दोनच प्रकारचा, सुरभि आणि असुरभि. एखादें वस्त्र तांबडें आहे असें म्हणतांना आपण त्याची स्तुति करीत नाहीं. गंधाच्या बाबतींत वर्णन व निवाडा हीं एकदमच होऊन जातात. साक्षीदार आणि न्यायाधीश एकच!

अशा न्यायाधीशानें निदान घाई करूं नये. दुकानांत मनगटावर काडी फिरवून दोन क्षणांत जें आवडतें, तें लवंग-वेलदोड्याचें आर्जव असतें. चंदन तासाभरानें बोलूं लागतें. चंदन दुर्मिळ व महाग झाल्यापासून पुष्कळ ठिकाणीं त्याच्या जागीं वास नसलेलें खनिज तेल घालतात; तेथें मागाहून बोलणारें कोणी नसतेंच.

परंतु खरा आक्षेप निराळाच आहे. कांटनें 1790 सालच्या आपल्या ग्रंथांत संगीतास दोष देतांना सुगंधी रुमालाचा दाखला घेतला. खिशांतून तो रुमाल काढणारा मनुष्य सभोंवारच्या सर्वांस, त्यांची इच्छा असो वा नसो, आपल्या सुखांत ओढतो. डोळे फिरवितां येतात, श्वास थांबवितां येत नाहीं. आमच्या लग्नसमारंभांत यजमान अत्तर लावतो तें पाहुण्यानें हात पुढें केल्यावर. पुढें केलेला हात म्हणजे संमति, आणि ही रीत मला मोठी शहाणपणाची वाटते. स्वतः अत्तर लावून आगगाडीच्या डब्यांत शिरणाऱ्यापुढें असा हात कोणी केलेला असतो काय? वर्गांत पहिल्या बाकावरील विद्यार्थ्यासही अध्यापकाचा सुगंध नाकारण्याची सोय नसते.

त्यांतून निसर्गाची आणखी एक खोडी आहे. लावणाऱ्याचें नाक थोड्याच वेळांत त्या वासास सरावतें. त्याला तो कळेनासा होतो, आणि अत्तर उडालें अशा समजुतीनें तो आणखी लावतो. म्हणजे स्वतःच्या आनंदासाठीं घेतलेली वस्तु अर्ध्या घटकेंत केवळ इतरांची होऊन बसते, आणि मात्रा ठरविण्यास सर्वांत अपात्र मनुष्य कोण, तर तिचा मालक! शमाम्याचा फाया केवढा घ्यावयाचा, हें आमच्या घरीं पत्नी ठरविते. तिला स्वतःला तो वास फारसा आवडत नाहीं. ह्या कामीं मला तीच तिची योग्यता वाटते.