शंभरातले शहाण्णव

फोनवरील चक्राच्या जुगारात 'परतावा ९६ टक्के' असे लिहिलेले आढळते. वाचणाऱ्यास वाटते, १०० पौंडांतले फार तर ४ जातील. परंतु ही लाखो फेऱ्यांची सरासरी आहे, आणि कपात प्रत्येक डावावर लागते. ब्रिटनमध्ये २०२१ पासून एक फेरी किमान अडीच सेकंदांची असते. म्हणजे तासाला १४४० फेऱ्या होऊ शकतात. फेरीस १ पौंड लावला, जिंकलेले पुन्हा लावीत गेले, तर सरासरीने ५७ पौंड ६० पेन्स जातात. "इतके हरलो, आता लागेलच" हीही मटक्यातलीच जुनी भूल. पुढच्या फेरीस मागचीशी काही देणेघेणे नसते.

२०२५ मध्ये फेरीला ५ पौंडांची, पंचविशीखालील तरुणांस २ पौंडांची मर्यादा आली. पण आकडा छापला, मर्यादा घातली, म्हणजे व्यवहार चोख झाला काय? मिश्नाने फासे खेळणाऱ्यास साक्षीस अपात्र ठरविले. तल्मूदात त्याचे एक कारण असे दिले आहे की, हरणारा जिंकण्याच्या आशेने पैसा लावतो. त्याचे देणे मनापासूनचे नसते. आम्हांस हे पटते. टक्केवारी छापल्याने ती संमती येत नाही. म्हणून नातवंडांस नुसते "खेळू नका" न सांगता आपण हा तासाचा हिशेब त्यांच्याकडूनच कागदावर करून घ्यावा.