सायटेशनच्या शर्यतीत सँगर कितवा?

विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक वेळा दाखला दिला गेलेला शोधनिबंध कोणाचा, असं विचारलं तर बहुतेक जण आइन्स्टाइनचं नाव घेतील, फार तर वॉटसन आणि क्रिकचं. खरं उत्तर आहे ऑलिव्हर लाऊरी. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या या औषधशास्त्रज्ञाने १९५१ साली तीन सहकाऱ्यांसह ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’मध्ये एक पद्धत छापली: नमुन्यात प्रथिन किती आहे, हे द्रावणाच्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून ओळखायचं. एवढंच. ‘नेचर’ने २०१४ मध्ये पहिल्या शंभर निबंधांची यादी केली तेव्हा लाऊरींच्या नावापुढे तीन लाखांहून जास्त सायटेशन, म्हणजे दाखले, होती. त्या शंभरात शिरायला बारा हजारांचा पल्ला ओलांडावा लागत होता. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ चा निबंध पाच हजारांच्या आसपासच अडकला होता, म्हणून तो यादीत नव्हताच.

यादीत दुसरा क्रमांक लेम्ली यांच्या १९७० च्या निबंधाचा. त्याची कथा आणखी गमतीची आहे. निबंधाचा विषय होता टी-४ या विषाणूचं डोकं कसं जुळतं हा. ते डोकं आज कोणाच्या ध्यानात आहे? पण प्रथिनं वेगळी करण्यासाठी लेम्लींनी जेलमध्ये जी सुधारणा केली होती, तिची कृती आकृतीखालच्या मजकुरात होती आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी तीच उचलली. दोन लाखांहून अधिक सायटेशन त्या मजकुराची आहेत म्हटलं तरी चालेल.

म्हणजे सायटेशन वापर मोजतं. घरोघरी रोज हाती लागणारं मापटं सगळ्यात जास्त वापरलं जातं, म्हणून कोणी त्याला पंगतीचं मुख्य पक्वान्न म्हणत नाही. स्वतः लाऊरींनाही आपल्या या निबंधाचं फार कौतुक नव्हतं. अर्ल सदरलँड हे शास्त्रज्ञ ही पद्धत वापरत होते आणि त्यांना दाखला द्यायला काहीतरी छापील हवं होतं, म्हणून लाऊरींनी ती लिहून काढली, असं सांगितलं जातं.

या वंशावळीत एक भारतीय नावही आहे. लाऊरींच्या पद्धतीतला निळा रंग देणारं अभिकर्मक हार्वर्डच्या ऑटो फोलिन यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याच फोलिन यांच्या विभागात भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव सायरस फिस्के यांच्यासोबत काम करत होते. फॉस्फरस मोजण्याची फिस्के-सुब्बाराव पद्धत १९२५ ची. तिचा उल्लेख पुढे कित्येक दशकं हजारो निबंधांत होत राहिला. तरी हार्वर्डने सुब्बारावांना कायमची जागा दिली नाही. ते १९४० मध्ये लेडरले कंपनीत गेले.

आता ही मोजदाद सुरू कशी झाली ते पाहू. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये ही कल्पना मांडली. अमेरिकन वकील जुन्या निकालांचा मागोवा ज्या ‘शेपर्ड्स सायटेशन्स’मधून घेत, तिथून त्यांना ती सुचली होती. एखादा निकाल पुढे कोणी मान्य केला, कोणी फिरवला, हे वकिलाला कळलं पाहिजे. तसंच शास्त्रज्ञालाही कळावं. जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांना पाठबळ दिलं आणि पहिला मोठा प्रयोग जनुकशास्त्राच्या वाङ्‌मयावरच झाला. ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ आला १९६४ मध्ये. हे सगळं होतं निबंध शोधण्यासाठी. माणसाची किंमत ठरवण्यासाठी नव्हे. पण मोजता येण्याजोगी गोष्ट हाती आली की समित्या तिला सोडत नाहीत.

मग २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला: ज्याच्या ५० निबंधांना प्रत्येकी किमान ५० सायटेशन आहेत, त्याचा आकडा ५०. सोपं, एका बैठकीत समजणारं. हर्श यांच्याच तक्त्यात भौतिकशास्त्रातले एडवर्ड विटन ११० वर होते आणि मेंदूविज्ञानातले सॉलोमन स्नायडर १९१ वर. पाठोपाठ डेव्हिड बाल्टिमोर १६० वर. याचा अर्थ विटन कमी प्रतीचे? अर्थातच नाही. जीवशास्त्रात माणसं जास्त, प्रयोगशाळा मोठ्या, दाखले देण्याची सवय वेगळी. शिवाय रेण्वीय जीवशास्त्रात निबंधातलं पहिलं नाव साधारणपणे राबणाऱ्याचं असतं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. मधली आठ-दहा नावंही आकड्यात तेवढीच धरली जातात. हे सगळं एका संख्येत कोंबायचं म्हणजे माहिती गाळून टाकायचीच.

हे खटकतं सर्वांत जास्त ते फ्रेडरिक सँगर यांच्याबाबतीत. इन्सुलिनमधल्या अमिनो आम्लांचा क्रम लावण्यासाठी १९५८ चं, आणि डीएनएचा क्रम वाचण्याच्या पद्धतीसाठी १९८० चं नोबेल त्यांना मिळालं. दुसऱ्या पद्धतीचा १९७७ चा निबंध ‘नेचर’च्या त्या यादीत चौथा आहे. पण या दोन शिखरांमधला प्रदेश फार सपाट दिसतो. ते गेल्यावर सिडनी ब्रेनर यांनी लिहिलं, की आजच्या व्यवस्थेत सँगर टिकलेच नसते. इन्सुलिन ते आरएनए आणि आरएनए ते डीएनए या लांब मोकळ्या पट्ट्यांकडे बोट दाखवून कोणत्यातरी समितीने त्यांना निष्फळ ठरवलं असतं. ब्रेनर केंब्रिजमध्ये सँगर यांचे सहकारी होते, त्यामुळे ही अतिशयोक्ती समजू नये.

कातालिन करिको यांचं तर प्रत्यक्षातच तसं झालं. मेसेंजर आरएनएवर त्या ठाम होत्या, अनुदान मिळेना, आणि १९९५ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. ड्रू वाइसमन यांच्यासोबतचा त्यांचा कळीचा निबंध २००५ मध्ये ‘इम्युनिटी’त आला, तेव्हाही फारसा गाजावाजा झाला नाही. कोविडची लस आल्यावर मात्र सगळे तो शोधू लागले. नोबेल मिळालं २०२३ मध्ये. पदावनतीच्या वेळी सायटेशन तपासणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

आपल्याकडे या आकड्यांनी वेगळंच रूप घेतलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांची पदोन्नती एपीआय (शैक्षणिक कामगिरी निर्देशांक) गुणांना बांधली, निबंधाला गुण ठरले, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं पीक आलं. आयोगाच्या मान्य जर्नलांच्या यादीतही ती घुसली होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यादीची छाननी केली, तर तपासलेल्यांपैकी बहुसंख्य निकृष्ट निघाली. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नावं काढून टाकली. नंतर तिच्या जागी आयोगाची ‘केअर’ ही यादी आली, तिची तपासणी पुण्यातच चाले. तीही २०२५ मध्ये बंद झाली. चांगलं जर्नल कोणतं, हे ठरवायची जबाबदारी आता त्या त्या संस्थेवर आहे. म्हणजे निवड समितीतल्या निदान दोघांनी उमेदवाराचे निबंध उघडून वाचायचे, आणि त्यासाठी त्यांना दिवसभराचा वेळ द्यायचा. सध्या मुलाखत पंधरा-वीस मिनिटांत उरकली जाते.