सवय म्हणजे संमती नव्हे

रुळाजवळ राहणाऱ्या माणसाला विचारा, "गाड्यांच्या आवाजाचा त्रास होत नाही का?" तो हसून सांगतो, "सवय झाली." या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होते. पण सवय झाली म्हणजे त्या माणसाने तो आवाज मान्य केला, असे समजण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

सोलापूर हे आवाजाचे गाव आहे. 1860 मध्ये येथे रेल्वे आली, पुढे कापड गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीच्या भोंग्यावर गावाची पहाट ठरत असे. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागांचा खडखडाट राहिला. आवाज म्हणजे रोजी-रोटी, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के आहे की त्याविरुद्ध तक्रार करणे कृतघ्नपणाचे वाटते.

शरीराला मात्र हे समीकरण कळत नाही. झोप मोडली नाही तरी गाडी जाताना हृदयाचे ठोके वाढतात आणि सकाळी माणसाला त्याची आठवणही नसते. आपल्या देशाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी रेल्वेच्या रात्रीच्या आवाजाची मर्यादा 44 सुचवली.

शिक्षक म्हणून मला न्यूयॉर्कच्या एका शाळेचे उदाहरण अधिक अस्वस्थ करते. तिच्या एका बाजूने उन्नत मार्गावरील गाड्या धावत. त्या बाजूच्या वर्गांतील मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती, सहावीपर्यंत जवळजवळ एक वर्ष. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी 1975 मध्ये हे दाखवून दिले. नंतर रुळांखाली रबर बसवले, वर्गांना आवाज शोषणारे छत केले आणि 1981 च्या पाहणीत हा फरक उरला नव्हता. त्या मुलांनाही सवय झालेलीच होती. दोष त्यांच्या बुद्धीत नव्हता.

कोणी म्हणेल, रेल्वे आधी आली, घरे नंतर. मग तक्रार कसली? युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु स्वस्त जागा रुळाकाठीच मिळते आणि गरीब माणूस निवड करत नाही, मिळेल तिथे राहतो. त्याच्या मुलाने तर घर निवडलेलेच नसते. 2017 मध्ये दक्षिण मुंबईतील रहिवासी मेट्रो-3 च्या रात्रीच्या कामाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि काही काळ ते रात्रीचे काम थांबले. त्यांची झोप मोलाची होतीच. रुळाकाठच्या मजुराची झोप तेवढीच मोलाची आहे; फरक फक्त वकिलाचा आहे.

गाडी थांबवा, असे कोणी म्हणत नाही. फाटकावरची शिट्टी जीव वाचवते. पण फाटकाऐवजी भुयारी मार्ग करणे, रुळांचे सांधे जोडणे, शाळा-वस्तीलगत भिंत घालणे शक्य आहे. त्याला खर्च येतो. आज तो खर्च रुळाकाठची माणसे आपल्या झोपेतून भरत आहेत. प्रवास आपण सगळे करतो. मग हा खर्च त्यांनीच का भरावा?

आणि हीच कसोटी आपल्या मिरवणुकीच्या, लग्नाच्या, उरुसाच्या लाऊडस्पीकरलाही लावावी लागेल. शेजारी गप्प आहे, एवढ्यावरून तो राजी आहे असे ठरत नाही.