माथेरानची माकडं आणि वॉलेसचा प्रश्न

दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून प्रवासी पायी निघाला की झाडांवरून त्याची पाहणी सुरू होते. पिशवीत खाऊ आहे का, ती धरणारा सावध आहे की गाफील, सोबत लहान मूल आहे का, हे माथेरानच्या माकडांना चटकन उमगतं. काठी घेऊन बसलेल्या दुकानदारापासून ती अंतर राखतात. पर्यटकाच्या हातातलं कणीस मात्र बघता बघता पळवतात. लोक याला चोरटेपणा म्हणतात. पण समोरचा काय पाहतो आहे, काय करील, याचा अदमास घेणं हे बुद्धीचंच काम आहे.

डोक्यावर केसांची टोपी असलेली ही माकडं मूळची फक्त भारतीय द्वीपकल्पातली. अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी कर्नाटकातल्या बंदीपूरमध्ये याच जातीचा अभ्यास करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथली माकडं माणसाकडे खाणं मागताना ‘कू’ असा आवाज काढतात, हात पुढे करतात, माणसाकडे लक्ष ठेवतात आणि खाऊ मिळाला की थांबतात. हा हेतुपूर्वक केलेला संवाद आहे, असं या अभ्यासकांचं म्हणणं. त्याआधी, २००० साली, उमा रामकृष्णन आणि रिचर्ड कॉस यांनी दाखवून दिलं होतं की ही माकडं वानरांचा आणि सांबराचा धोक्याचा इशाराही ओळखतात. माथेरानच्या रानात माकडं आणि काळ्या तोंडाची वानरं शेजारी नांदतात. तिथे हे ज्ञान जीव वाचवणारं ठरतं.

अर्थात, प्राण्यांच्या वागण्यात आपलं मन शोधण्याचा मोह आवरायला हवा. साध्या कारणाने उलगडणाऱ्या वर्तनाला उच्च बुद्धी चिकटवू नये, हा इशारा लॉइड मॉर्गन यांनी १८९४ सालीच दिला. पण हा संयम पाळूनही जे उरतं, ते थोडं नाही.

मग माणसाच्या बुद्धीचं काय? १८५८ साली डार्विनच्या जोडीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारे आल्फ्रेड रसेल वॉलेस ११ वर्षांनी इथेच अडखळले. शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या माणसाला गणित आणि संगीत पेलणारा मेंदू कशाला लागतो? गरजेपेक्षा जास्त देणारी निवड कशी असेल? यामागे वरची एखादी बुद्धी असली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. डार्विन फार व्यथित झाले.

‘बुद्धिमान रचनाकारा’च्या बाजूने आजवर जे बोललं गेलं, त्यात वॉलेस यांचा हा प्रश्न सर्वांत प्रामाणिक आहे. पण जगण्यासाठी लागणारा मेंदू म्हणजे फक्त भाला फेकणारा मेंदू नव्हे. कोण कोणाचा मित्र, कोण फसवतो आहे, कोणाचं ऐकायचं, ही टोळीतली रोजची कोडी शिकारीपेक्षा अवघड असतात. ती सोडवणाऱ्या अवयवाला पुढे गणितही जमू शकतं. शिवाय माणूस सगळ्याच बाबतींत पुढे नाही. क्योतो विद्यापीठाच्या संशोधन संस्थेतल्या आयुमु नावाच्या तरुण चिंपांझीने, पडद्यावर क्षणभर दिसलेल्या आकड्यांच्या जागा लक्षात ठेवण्यात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मागे टाकलं, ते २००७ साली. आणि माणसाच्या डोळ्यात अंधबिंदू आहे, ऑक्टोपसच्या डोळ्यात नाही. आखून केलेल्या रचनेत हा उलटा क्रम का असावा, याचं उत्तर रचनावाद्यांकडे नाही. दोन्ही डोळे वेगवेगळ्या वाटांनी उत्क्रांत झाले, हे उत्तर उत्क्रांतिवादाकडे आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर खटल्यात २००५ साली न्यायालयाने निर्णय दिला की ‘बुद्धिमान रचना’ हे विज्ञान नाही. आपल्याकडे वाद उसळला तो मराठवाड्यात. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनात केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून हे विधान खोडून काढलं. मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही सिंह यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. मुळात आजच्या माकडाचा माणूस झाला असं कोणी शास्त्रज्ञ म्हणतच नाही. माथेरानचं माकड आणि माणूस यांचा समान पूर्वज सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीचा. मारुतीला शेंदूर वाहणाऱ्या समाजाने या नात्याची लाज का बाळगावी?

तरीही पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेली. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे. म्हणजे नेरळ-कर्जतच्या मराठी शाळेतलं मूल तो शिकतं आणि शेजारच्या केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेतल्या मुलाच्या पुस्तकात तो नसतो. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे खरा, पण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलापर्यंत तो पोचतच नाही. हा धडा दहावीत परत यायलाच हवा आणि ती मागणी पालकांनी शाळेत जाऊन केली पाहिजे.