सफेतली जागा

मय्यतीला गुसल कोणी द्यायचे? पुरुषाला पुरुषांनी, बाईला बायकांनी. पण मयत ‘खुन्सा मुश्किल’ असेल, म्हणजे देहावरून बाई की पुरुष हे ठरवता येत नसेल, तर? हनफी फकीहांनी तोड काढली, गुसलाऐवजी तयम्मुम द्यावा. नमाजात अशा व्यक्तीची जागा पुरुषांच्या मागे, बायकांच्या पुढे. वारशात इमाम अबू हनिफांनी दोहोंपैकी जो कमी भरेल तो हिस्सा दिला. हा शेवटचा निवाडा आम्हाला हात आखडता घेतलेला वाटतो. पण सफेबाहेर कुणाला काढलेले नाही.

हे आठवले पाकिस्तानामुळे. तेथे 2018 च्या कायद्याने ट्रान्सजेंडर व्यक्तींना स्वतःच्या जाणिवेप्रमाणे लिंग नोंदवण्याचा हक्क दिला. मे 2023 मध्ये फेडरल शरियत कोर्टाने त्यातली जाणिवेची व्याख्या, नोंदणी आणि वारसा ही कलमे शरियतविरोधी ठरवली. खुन्सांचे हक्क कोर्टाला मान्य होते, केवळ मनाची साक्ष मान्य नव्हती. पुरुषदेहाची माणसे बायकांच्या राखीव जागेत शिरतील, हेही एक कारण दिले गेले. एप्रिल 2025 मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानेही तेथल्या 2010 च्या समानता कायद्यातली ‘स्त्री’ म्हणजे जन्मतः स्त्री, असा अर्थ लावला. तेथे शरियतचा संबंधच नव्हता. तेव्हा ही भीती मौलवींची म्हणून झटकून टाकता येत नाही. नवऱ्याचा मार खाऊन आधारगृहात आलेल्या बाईला शेजारच्या खाटेवरचा पुरुषी आवाज ऐकून धडकी भरली, तर तिला मागासलेली म्हणणारे आम्ही कोण?

पण तिच्या नावाने बोलतो कोण, हेही पाहावे. हाजी अलीच्या मजारीपाशी बायकांना बंदी होती, तेव्हाही त्यांच्या सुरक्षिततेचेच कारण पुढे केले होते. ऑगस्ट 2016 मध्ये मुंबई हायकोर्टाने ती बंदी उठवली.

वारशाचा हिशेब तर आम्ही कागदावर मांडून पाहिला. एक मुलगा, दोन मुली. इतर वारसांचे देऊन जे उरेल त्यातला अर्धा भाऊ घेतो, बहिणींना पाव-पाव. एका बहिणीची नोंद मुलगा म्हणून झाली तर पाच वाटे पडतात. दुसऱ्या बहिणीचा हिस्सा पावावरून पंचमांशावर येतो. तिचे नुकसान खरे आहे. पण भाऊ अर्ध्यावरून दोन पंचमांशावर येतो, म्हणजे त्याचे नुकसान तिच्या दुप्पट! ज्या घरांत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, तेथे बायकांच्या हिश्शाची चिंता कुणाला आहे, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय दुसऱ्या बाजूची भीती कुणी मोजत नाही. आपल्याकडे 2019 मध्ये झालेल्या कायद्याने ट्रान्सजेंडर व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा ठेवली. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षे होती. इज्जतीचा भाव असा लावलेला.

रेशनकार्डावर कुणी स्वतःला बाई लिहिले तर आमच्या आयाबहिणींचे काही जात नाही. तुरुंगाची बराक, आधारगृह, कुस्तीचा आखाडा यांची गोष्ट वेगळी. प्रत्येक ठिकाणी निराळा विचार करावा लागेल, जसा फकीहांनी गुसलाचा निराळा केला आणि सफेचा निराळा. आधारगृहात वेगळी खोली लागेल. तिचा खर्च सरकारने करावा, बायकांना सरकून बसायला सांगून भागणार नाही. आणि ती खोली कुठे, कशी हवी, हे ठरवण्याच्या बैठकीला आधी त्या दोघींना बोलवावे.